आठवी-नववीतच ॲडव्हान्स मॅथ्स लावताय? आधी या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीत फौंडेशन बॅचचे फ्लेक्स झळकतात आणि मग घरात एकच विषय, शेजारचा पोरगा आठवीतच अकरावीचं मॅथ्स करतोय म्हणे, आपलं कधी करणार. पोराला गणिताची आवड असंल तर लावा की, कोण नको म्हणतंय. पण ठरवताना लोक भलतंच बघतात.

पहिली चूक, शाळेचे मार्क बघून ठरवणं. सरावसंचातली गणितं वर सोडवून दाखवलेल्या उदाहरणासारखीच असतात, त्यात पंच्याण्णव पडले म्हणजे पोरगं पुढचं झेपवंलच असं काही नाही. त्यापेक्षा पुढच्या एखाद्या धड्याचा संकीर्ण प्रश्नसंग्रह काढा, धडा त्याचा त्याला वाचू दे, गाईड कपाटात ठेवा आणि तासभर त्याच्या वाटंला जाऊ नका. सगळं सुटायची गरज नाही. अडल्यावर काय करतंय ते बघायचं, म्हणजे आकृती काढतंय, आकडे घालून बघतंय, का दोन मिनिटात "हे शिकवलं नाही" म्हणून वही मिटतंय.

दुसरी चूक जास्त महागात पडते. पाया कच्चा आणि वर अकरावी-बारावीतलं कॅल्क्युलस. नववीतलं पोरगं डेरिव्हेटिव्हचे फॉर्म्युले धडाधड म्हणून दाखवतंय, पाहुणे खूश, आणि तेच पोरगं अ अधिक ब चा वर्ग लिहिताना मधलं दोन अब गाळतंय, कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलायला विसरतंय, अपूर्णांकांची बेरीज करताना छेदसुद्धा बेरजेत घेतंय. डेरिव्हेटिव्ह अकरावीत येणारच आहे, तिथं अडतंय ते बहुतेक वेळा अवयव पाडण्यात आणि समीकरण आवरण्यात. म्हणजे नववीची बहुपदी आणि दहावीची वर्गसमीकरणं हाताला पक्की बसली असतील तरच पुढं चला.

क्लासमध्ये सगळं समजतंय आणि घरी एक गणित सुटत नाही, असं होत असंल तर स्पीड जास्त आहे, क्लास बंद करायच्या आधी सरांना भेटा आणि खालची बॅच मागा. मराठी माध्यमातलं पोरगं इंग्रजी बॅचमध्ये बसवलं असंल तर गोंधळ गणिताचा आहे का भाषेचा तेही बघा, तेच गणित मराठीत घाला, कळतंय लगेच.

"आत्ता नाही लावलं तर सीईटीत मागं पडंल" ही भीती तर लई विकली जाते. एमएचटी-सीईटीत साधारण 80 टक्के प्रश्न बारावीचे आणि 20 टक्के अकरावीचे असतात. आठवीत सिलॅबस उरकून काय मिळणार, बारावीपर्यंत निम्मं विसरलेलं असतंय.

आणि पुढं म्हणजे वरच्या यत्तेचंच गणित असं कुठाय? पोरगं खरंच चुणचुणीत असंल तर गणित ऑलिंपियाड स्पर्धेची पहिली पायरी असलेल्या आयओक्यूएम परीक्षेचे जुने पेपर द्या. तीन तास, 30 प्रश्न, कॅल्क्युलस अजिबात नाही, नंबर थिअरी म्हणजे संख्यांचे गुणधर्म, भूमिती, मोजणीच्या युक्त्या, आणि उत्तर पूर्णांकात लिहायचं असल्यामुळं चार पर्यायातनं ठोकून द्यायची सोय नाही. हे पेपर नेटवर फुकट मिळतात. माझ्या मते आठवी-नववीसाठी यापेक्षा भारी ॲडव्हान्स मॅथ्स नाही.

आधीच क्लास लावलाय आणि पोरगं रविवारी सकाळी पोटात दुखतंय म्हणायला लागलंय, तर "फी भरलीय, जायलाच पाहिजे" हे डोक्यातनं काढा. महिनाभर थांबवा, त्या वेळात शाळेचं पुस्तक पक्कं करून घ्या, आणि परत जायचं का ते त्यालाच विचारा. नाही म्हणाला तर अकरावीला मॅथ्स घ्यायचा रस्ता काही बंद होत नाही.