मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या फंक्शनमध्ये खरा वापरकर्ता कसा ओळखावा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाचा हिशेब पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर आहे असं धरा. हळदीचा दर पट्टीत चुकीचा चढला, तर कारकुनाला तो दुरुस्त करता यावा, पण टेबलला त्याचा थेट हात लागू नये. त्यासाठी ‘सिक्युरिटी डिफायनर’ फंक्शन लिहितात. ते बोलावणाऱ्याच्या नव्हे, तर फंक्शन ज्या डेटाबेस खात्याच्या मालकीचं आहे त्याच्या अधिकाराने चालतं.

घोळ होतो तो ‘दुरुस्ती कोणी केली’ या रकान्यात. तिथे करंट_युजर (सध्या ज्याच्या अधिकाराने काम चालू आहे तो) भरला, तर दर वेळी फंक्शनच्या मालकाचंच नाव पडतं. आतल्या अपडेटवर आपोआप चालणारा साधा ट्रिगरही तेच नाव उचलतो. तिथे सेशन_युजर घ्या, तो लॉगिन केलेला रोल (डेटाबेसमधलं खातं) सांगतो. कोणी ‘सेट रोल’ करून, म्हणजे दुसरा रोल घेऊन, आला असेल तरी सेशन_युजर मूळ लॉगिनच दाखवतो. घेतलेला रोल हवा असेल तर करंट_सेटिंगला ‘रोल’ विचारा. मायएसक्यूएलमध्ये सेशन_युजरचं काम युजर() करतं.

पण वेब अ‍ॅप असेल तर सगळे कारकून कनेक्शन पूलच्या (उघड्या ठेवून वाटून वापरायच्या जोडण्यांच्या) एकाच लॉगिनने येतात आणि सेशन_युजरचा उपयोग संपतो. मग अ‍ॅपने ट्रान्झॅक्शन सुरू करताच सेट_कॉन्फिगने ‘अ‍ॅप.युजर’मध्ये कारकुनाचा आयडी ठेवावा. तिसरा आर्ग्युमेंट ‘ट्रू’च द्या. ‘फॉल्स’ दिला तर ते नाव कनेक्शनला चिकटून राहतं आणि रामभाऊंची दुरुस्ती सुरेशच्या नावावर चढते.

फंक्शनमध्ये करंट_सेटिंग(‘अ‍ॅप.युजर’, ट्रू) वाचा. सेटिंग कधीच केलं नसेल तर नल (म्हणजे काहीच मूल्य नाही) मिळतं, पण त्याच कनेक्शनवर आधी एकदा केलेलं असेल तर रिकामी स्ट्रिंग मिळते. हे हमखास निसटतं. म्हणून नलइफने रिकाम्याचं नल करा आणि नल आलं की सरळ एरर फेका. निनावी दुरुस्ती होऊच देऊ नका. शिवाय ज्याला स्वतः एसक्यूएल चालवता येतं तो हे सेटिंग हवं तसं बदलू शकतो, त्यामुळे पूलचा पासवर्ड अ‍ॅपबाहेर जाता कामा नये. नावाबरोबर सेशन_युजरही नोंदवा.

फंक्शनवरच सर्च_पाथ (टेबलं कुठे, कोणत्या क्रमाने शोधायची ती यादी) बांधून टाका, पीजी_टेम्प (टेंपररी टेबलांची जागा) शेवटी ठेवून. नाहीतर कोणीही त्याच नावाचं टेंपररी टेबल पुढे करेल. नवं फंक्शन चालवायची परवानगी आपोआप ‘पब्लिक’ला, म्हणजे सगळ्याच रोलना, मिळते. ती फंक्शन बनवता त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये काढून घ्या आणि फक्त कारकुनांच्या किंवा अ‍ॅपच्या रोलला द्या.