घरी येणारा पेट सिटर कसा निवडावा: खरी परीक्षा तुम्ही घरात नसताना

तिकिटं काढाल त्याच दिवशी सिटर, म्हणजे तुम्ही बाहेरगावी असताना घरी येऊन प्राण्याला सांभाळणारा माणूस, शोधायला लागा. निघायला चार दिवस उरले की जो मोकळा असेल तो घ्यावा लागतो, आणि खाली सांगितलेल्या गोष्टींना निदान तीन भेटी लागतात.

नावं तुमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडून किंवा प्राणी पाळणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून घ्या. फोनवर तारखा, पैसे आणि रात्रीचा मुक्काम की दिवसातून दोन फेऱ्या, एवढंच ठरवा. आधी काम केलेल्या दोन घरांचे नंबर मागा आणि ते खरंच लावा. ‘माणूस चांगला आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो’ हेच उत्तर मिळतं. ‘तुम्ही बाहेर असताना काय बिघडलं होतं आणि तेव्हा त्यांनी काय केलं?’ असं विचारा.

मग पहिली भेट, तुमच्याच घरी. ‘पाहताक्षणी प्राण्याला जो आवडेल तो निवडा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. जाणता सिटर आत येतो, तुमच्याशी बोलत राहतो आणि कुत्र्याकडे बघतही नाही. जरा तिरका बसतो, हात खाली सोडतो, कुत्र्याला वास घेऊ देतो. जवळ यायचं की नाही हे कुत्र्यावर सोपवतो. दारातच वाकून डोक्यावर थोपटणाऱ्या, ‘माझ्याकडे सगळे कुत्रे येतात’ म्हणणाऱ्या माणसाला मी चहा देते, काम देत नाही.

या वेळी तुम्ही कमी बोला आणि कुत्र्याकडे नीट बघा. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठांवरून फिरणारी जीभ, वळवलेली मान, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग: हा सगळा ताण आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, असंही धरू नका. अंग ताठ आणि ताठ उभी शेपूट भराभर हलत असेल तर तो खुशीत नाही. अशा वेळी सिटर आपणहून मागे सरकतो का, हे बघायचं असतं. तो काय विचारतो तेही ऐका. कशाला घाबरतो, कुठे लपतो, कधी चावलाय का, हे प्रश्न यायलाच हवेत. चावला असेल तर स्पष्ट सांगा. ते लपवणं म्हणजे समोरच्या माणसाला फसवणं आहे.

आता मी जिथे चुकले ते. आमच्या मोतीसाठी ठरवलेली बाई खरंच चांगली होती. दोन वेळा येऊन गेली, मोती तिच्या पायाशी झोपला, मी निर्धास्त निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किल्लीने दार उघडलं तर मोती उंबऱ्यात चारही पाय रोवून उभा, मानेवरचे केस ताठ, घशातून गुरगुर. दोन्ही वेळा दार मी उघडलं होतं. आत घेतलेला पाहुणा आणि रिकाम्या घरात शिरलेला माणूस, या कुत्र्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टा अडकवायला ती वाकली की तो दात दाखवायचा. दीड दिवस तो बाहेर गेला नाही, घरातच घाण झाली. शेवटी त्याच्या ओळखीच्या शेजाऱ्यांनी येऊन पट्टा लावला. चूक तिची नव्हती. मी तालीमच अर्धी केली होती.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: सिटरने किमान एकदा, मी घरात नसताना, स्वतः किल्ली लावून आत यायचं. दुसऱ्या भेटीत आधी माझ्यासमोर तिने पट्टा अडकवायचा आणि फेरी मारून आणायची. तिसऱ्या भेटीआधी तासभर मी घराबाहेर पडते, कोपऱ्यावर थांबत नाही, खरंच लांब जाते. ती येते, दाराबाहेरूनच कुत्र्याचं नाव घेऊन बोलते, आत आल्यावर थेट त्याच्याकडे न जाता खाऊचे दोन-चार तुकडे जमिनीवर टाकते. तो सैल झाला की पट्टा, फेरी, खाणं. मधे एकदाही मला फोन करायला लागू नये. कुत्रा अडला तर तिने बाहेर पडायचं, जबरदस्ती करायची नाही. अजून दोन भेटी वाढवायच्या. या भेटींचे पैसे न मागता द्या. ‘एवढं कशाला, माझी सवय आहे’ म्हणून जो ही तालीम टाळतो, त्याला मी किल्ली देत नाही.

मांजराची गोष्ट वेगळी. ते अंगावर येत नाही, नाहीसं होतं. म्हणून लपायच्या सगळ्या जागा सिटरला दाखवा आणि रोज मांजर डोळ्यांनी पाहायचं, हे पक्कं ठरवा. वाटी रिकामी झाली एवढ्यावर भागत नाही. मांजराने दिवसभर काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, कारण दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतावर चरबी साचून जिवावर बेतू शकतं. बोका लिटर बॉक्समध्ये (शी-शूसाठीच्या खोक्यात) पुन्हा पुन्हा बसून जोर लावतोय आणि लघवी होत नाही, तर तासाभराचीही वाट पाहायची नाही. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

लेखी सूचना एका पानात बसवा. खाण्याचं माप ‘थोडंसं’ असं लिहू नका, मापाची वाटीच डब्यात ठेवा. औषध असेल तर सिटरने ते तुमच्यासमोर एकदा देऊन दाखवायला हवं. मधुमेही प्राण्याचं इन्सुलिन बहुधा १२ तासांच्या अंतराने असतं. त्याने खाल्लं नाही तर नेहमीचा डोस न टोचता आधी डॉक्टरांना विचारायचं, हे ठळक लिहा. कुत्र्याला चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा चालत नाही, हेही लिहा. मांजर असेल तर घरात लिलीची फुलं आणायची नाहीत. तिचे परागही मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात.

डॉक्टरांना आधीच चिठ्ठी द्या: तुमचा फोन लागला नाही तर सिटरच्या सांगण्यावरून उपचार सुरू करा, अमुक रकमेपर्यंत खर्च मान्य. ही चिठ्ठी नसली तर तुम्ही विमानात असताना तिकडे सगळे नुसते तुमच्या फोनची वाट बघत बसतात. दुसरी किल्ली शेजारी. प्राण्याला डॉक्टरांकडे न्यायचा कॅरियर दाराजवळ, माळ्यावर नाही. तुमची वापरलेली चादर न धुता प्राण्याजवळ ठेवा, तिला तुमचा वास असतो.

एक गोष्ट मात्र तोंडी नको, लिहूनच द्या. परतीची तारीख उलटली म्हणून सिटरचं येणं थांबायचं नाही. विमान रद्द होतं, रस्ता बंद होतो, आणि सिटर समजतो की तुम्ही पोचलात. ‘घरात पाऊल टाकलं’ असा तुमचा निरोप येईपर्यंत फेऱ्या चालूच राहतील आणि त्या जादा दिवसांचे पैसे मिळतील, असं त्या पानाच्या अगदी वर लिहा.