विरोधक मध्ये बोलला, तरी भिडूला साथ दाखवा

विदर्भात गावच्या पारावर मेंढीकोट खेळून ब्रिजकडे वळलेल्यांना हुकूम लपवायची सवय असते. ब्रिजमध्ये ती नडते. इथे साथ, म्हणजे भिडूच्या रंगाची पुरेशी पानं, असेल तर पहिल्याच संधीला बोलीतून सांगायची.

समजा भिडूने १ बदाम बोलला (बदाम हुकूम धरून ६ च्या वर १ हात करायची बोली, निदान ५ बदाम असताना) आणि उजवीकडच्या विरोधकाने १ इस्पिक. तुमच्याकडे ३ बदाम आणि ६ ते ९ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) असतील, तर सरळ २ बदाम. बदामाची साथ आणि १० किंवा जास्त गुण असतील, तर विरोधकाचाच रंग बोला: २ इस्पिक. ही बोली इस्पिकची नाही, दमदार साथीची आहे. आधी ठरलेलं नसेल तर भिडू इथे पास देतो आणि डाव हातचा जातो. त्याचं पान किमान, म्हणजे बोली उघडण्यापुरतंच, असेल तर त्याने ३ बदामावर परतावं.

थेट ३ बदाम ही उडी मात्र कमजोर पानावर, ४ बदाम हवेतच. उदाहरणार्थ: इस्पिक ८-४, बदाम राणी-९-६-३, चौकट राजा-१०-७-५-२, किलवर ७-३. गुण फक्त ५, पण दोघांचे मिळून ९ हुकूम, आणि विरोधकांना इस्पिक जमवायला जागा उरत नाही. पान ४-३-३-३ असं सपाट असेल आणि तुमची बाजू व्हल्नरेबल (हात कमी पडले तर जास्त दंड बसणारी) असेल तर उडी नको. विरोधकाने डबल म्हणून दंड वाढवला आणि दोन हात कमी पडले की स्कोअरमधले ५०० जातात.

१ इस्पिकऐवजी उजवीकडच्याने डबल दिला (इथे अर्थ: आपल्या भिडूला रंग बोलायला सांगणं) तर? बोलायला विरोधकाचा रंगच नाही, म्हणून ४ बदाम आणि १० गुणांसाठी २ नो ट्रम्प (एरवी बिनहुकुमी डावाची बोली) भिडूशी ठरवून ठेवा.