एफएम२ असताना दुसरी बॉडी घ्यावी का?

फिल्म एसएलआरची (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या फिल्म कॅमेऱ्याची) दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेण्याचा विचार करताना जाहिरातींतल्या किमती पाहण्याआधी, हातातल्या कॅमेऱ्यामुळे आपले नेमके कोणते छायाचित्र हुकते, हे लिहून काढावे. फिल्मच्या बाबतीत चित्राचा पोत रोल ठरवतो आणि रेखीवपणा लेन्स ठरवते. बॉडीकडे उरतात ते शटर (फिल्मवर ठरावीक वेळ प्रकाश पडू देणारे पडदे), मीटर (प्रकाशमापक), व्ह्यूफाइंडर (दृश्य पाहण्याची खिडकी) आणि भरवसा. हुकलेल्या छायाचित्राचे कारण या चारांत बसत नसेल, तर तेच पैसे लेन्स किंवा रोल यांवर खर्च करावेत. उदाहरणासाठी निकॉन एफएम२ वापरणारा हौशी छायाचित्रकार डोळ्यांसमोर ठेवू. पुष्कळांकडे आजही हाच कॅमेरा आहे आणि निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवण्याची जोडणी) १९५९ पासून चालत आल्यामुळे निवडीचा गोंधळही याच घराण्यात सर्वाधिक आहे.

दुसऱ्या बॉडीचे सर्वांत सबळ कारण म्हणजे एकाच वेळी दोन प्रकारचे रोल चालू ठेवण्याची गरज. एका बॉडीत १०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) रंगीत आणि दुसरीत ४०० आयएसओचा कृष्णधवल रोल असला, की सकाळचा घाट आणि संध्याकाळचा वाड्याचा अंधारा सोपा ही दोन्ही चित्रे एकाच दिवशी नीट मिळतात. मात्र ही गरज क्वचितच पडत असेल, तर अर्धवट रोल काढून ठेवण्याची जुनी युक्ती पुरेशी आहे. फ्रेमचा आकडा डबीवर लिहावा, रोल हळूहळू मागे गुंडाळावा आणि फिल्मचे टोक स्पूलमधून सुटल्याचे बोटांना जाणवताच थांबावे. पुन्हा भरताना लेन्सवर झाकण ठेवून, सर्वांत वेगवान शटर आणि लेन्सचे सर्वांत लहान छिद्र (ॲपर्चर) लावून, लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन फ्रेम पुढे जावे. दुसरे योग्य कारण म्हणजे पैसे घेऊन केलेले काम. लग्नाच्या मांडवात शटर अडकले तर तो प्रसंग पुन्हा मिळत नाही. मीटर चुकतो किंवा बाहेरचा प्रकाश अडवणारे फोमचे सील विरघळले आहे, ही कारणे मात्र दुरुस्तीची आहेत, खरेदीची नव्हेत.

गरज खरी ठरली, की लेन्स समोर मांडून बॉडी निवडावी. एफएम२ आणि निकॉनचाच एफई२ यांवर १९७७ पूर्वीच्या, एआय न केलेल्या (छिद्राचे माप बॉडीला कळवण्याची सोय नसलेल्या) लेन्स बसवू नयेत, कारण माउंटभोवतीची छोटी कळ त्यात मोडू शकते. आधीच्या एफएम आणि एफईमध्ये ती कळ वर दुमडता येते, म्हणून वडिलांच्या वेळच्या लेन्स कपाटात असतील त्यांनी या दोघांकडेच पाहावे. याउलट, छिद्राची कडी नसलेल्या जी प्रकारच्या लेन्स जवळ असतील तर एफ८० किंवा एफ१०० यांसारखी नंतरची, आपोआप फोकस करणारी बॉडी घ्यावी लागते. त्यांपैकी एफ८० हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सवर प्रकाशच मोजत नाही, एफ१०० मोजतो. ‘निकॉनची लेन्स कोणत्याही निकॉनला चालते’ हे दुकानातले वाक्य अर्धेच खरे आहे. दुसरी बॉडी म्हणून मला स्वतःला एफई२ अधिक पटतो, कारण दुसरा एफएम२ घेतल्यास जे आहे तेच पुन्हा मिळते, तर एफई२ त्याच लेन्सवर शटरचा वेग आपोआप ठरवतो. बॅटरी संपली की मात्र त्यात १/२५० आणि बी (बटण दाबून ठेवू तितका वेळ शटर उघडे) एवढेच उरते. एफएम२ सगळे वेग बॅटरीविना देतो. म्हणजे जोडीतला एक तरी कॅमेरा बॅटरीअभावी कधीच बंद पडत नाही.

निकॉनने आपला शेवटचा फिल्म एसएलआर, एफ६, २०२० मध्ये थांबवला. त्यामुळे खरेदी बहुधा जुन्या मालाचीच होणार आणि खरी कसोटी पारखण्यात आहे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी बॉडी हातात घेऊन पाहता येते, हा फायदा सोडू नये. लेन्स काढून मागचे झाकण उघडावे, कॅमेरा उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे धरावा आणि १/४००० वर शटर दाबून मागून पाहावे. चौकटीची वरची किंवा खालची बाजू काळी दिसली, तर शटरचा मागचा पडदा पुढच्याला वेळेआधीच गाठतो आहे. एका सेकंदाचा वेग कानाने तपासावा. पडद्याच्या पात्यांना बोट कधीही लावू नये, पण त्यांवर तेलाचा डाग दिसतो का, हे जरूर पाहावे.

येथे दोन बाबतींत चांगला कॅमेरा उगाच नापास होतो. एफएम२ मध्ये फिल्म पुढे ओढण्याचा दांडा बॉडीला चिकटलेला असेल तर शटर दबतच नाही. तो थोडा बाहेर ओढावा लागतो. (डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांच्या कपाळाला तो दांडा टोचतो, तेही दुकानातच समजून घ्यावे.) एफई२ मध्ये फ्रेमचा आकडा १ वर येईपर्यंत तबकडीवर कोणताही वेग असला तरी शटर १/२५० वरच चालते, फक्त बी याला अपवाद आहे. झाकण उघडे असताना आकडा पुढे सरकत नाही, म्हणून १/४००० ची वरची चाचणी त्यावर होत नाही, आणि आधी झाकण बंद करून काही वेळा दांडा ओढावा आणि मगच संथ वेग ऐकावेत.

मीटरसाठी आपला कॅमेरा सोबत न्यावा आणि तीच लेन्स दोन्हींवर आलटून पालटून लावून एकाच भिंतीचे माप घ्यावे. आरशाजवळचा फोम चिकट झाला असेल तर भाव कमी करून घ्यावा, सौदा मोडू नये. तो बदलणे सोपे आहे. बॅटरीच्या खोबणीतला हिरवा थर जास्त चिंतेचा, कारण तो तारांपर्यंत गेलेला असू शकतो.

खर्चाचा हिशेब एका भागाकारात होतो. बॉडीच्या किमतीत सफाई आणि सील बदलण्याची मजुरी मिळवावी, आणि त्या रकमेला एका रोलच्या एकूण खर्चाने, म्हणजे रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून जे होते त्याने, भागावे. जेवढे रोल येतील तेवढे आपण वर्षभरातही वापरत नसू, तर ती बॉडी कपाटातच बसणार. आपल्याकडच्या, विशेषतः कोकणातल्या, पावसाळ्यात न वापरलेल्या कॅमेऱ्याच्या प्रिझमवर आणि लेन्सवर बुरशी धरते व वंगण घट्ट होते. दुसरी बॉडी घ्यायची तर सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा त्याच दिवशी घ्यावा आणि महिन्यातून एकदा सर्व वेगांवर शटर चालवावे. विक्रेत्याकडून एक चाचणी रोल धुऊन येईपर्यंत परतीची मुभा मागावी, आणि ती मिळत नसेल तर तेवढी जोखीम किमतीतून वजा करून बोलणी करावी.