जुन्या टी-शर्टातून बाहुलीचे कपडे: या चुका टाळा

झगा बाहुलीच्या अंगात शिरत नाही, किंवा शिरतो पण काठ झालरीसारखा लहरतो. दोन्हींचं मूळ बहुधा एकच: होजिअरीचं कापड साध्या सुती कापडासारखं बेतलेलं असतं. टी-शर्टचं कापड फाशांनी विणलेलं असतं, ते आडवं भरपूर ताणतं, उभं कमी. हा आडवा ताण बाहुलीच्या घेराभोवतीच यायला हवा. कापण्याआधी १० सेंमी आडवा तुकडा ओढा. १२-१३ सेंमीपर्यंत गेला आणि सोडल्यावर पुन्हा १० वर आला, तर कापड कामाचं. ११ वरच लोंबत राहिला, तर दोनदा घालून काढल्यावर कपडा ढगळ होणार.

सुलट-उलट कळत नसेल तर आडवी कापलेली कड हलकेच ताणा. ती सुलट बाजूकडे गुंडाळते.

जाड टी-शर्ट घेऊ नका. २९ सेंमीच्या बाहुलीवर जाड शिवण दोरीसारखी उठून दिसते. वापरून विरविरीत झालेला तलम टी-शर्ट उत्तम. छापील चित्रावर रबरासारखा थर असतो, तो भाग सोडून द्या. गडद रंग असेल तर पांढरं ओलं फडकं घासून पाहा. रंग लागला तर ते कापड बाहुलीला नको, कारण प्लास्टिकच्या अंगात मुरलेला रंग धुऊन निघत नाही.

सगळ्यात जास्त वैताग मशीन देतं: सुरुवातीलाच कापड सुईखालच्या भोकात ओढलं जातं. बाहुलीच्या मापाला फक्त ३ मिमी माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडून कापलं की कापड पुढे सरकवणाऱ्या मशीनच्या दात्यांना धरायला काही उरत नाही. म्हणून ६ मिमी माया ठेवा, टीप मारा आणि मग कात्रीने ३ मिमीपर्यंत छाटा. हे कापड उसवत नाही, ओव्हरलॉकची (कड गुंफणाऱ्या टिपेची) गरज नाही. खाली टिश्यू पेपर ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा. सुरुवात चिंधीवर करा, तिथून न थांबता कपड्यावर या, आणि दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिले चार टाके होईपर्यंत बोटांनी धरून ठेवा.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. टोकदार सुई धागा तोडते, तिथे भोक पडतं आणि ताणलं की वाढतं. ७० किंवा ७५ नंबरची बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. टाका अरुंद झिगझॅग: रुंदी ०.५ मिमी, लांबी २ ते २.५ मिमी. सरळ टीप कपडा चढवतानाच तटकन तुटते. काठ लहरला तर शिवताना कापड ओढलं गेलंय. प्रेसर फूटचा (कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब कमी करा. झालेल्या काठावर वाफेची इस्त्री टेकवा आणि उचला, घासू नका.

बाही शेवटी गोल लावायचा प्रयत्न तर करूच नका, ती जेमतेम बोटाएवढी असते आणि मशीनखाली जातच नाही. कापड सपाट असतानाच खांदे जोडा, बाहीचा काठ दुमडून शिवा, बाही मुंढ्याला (बाहीसाठी कापलेल्या खाचेला) लावा. मग मनगटापासून काखेतून कमरेपर्यंत एकाच दमात टीप. काखेत मायेला छोटी कात्र द्या, टाक्याच्या १ मिमी अलीकडे थांबून.

बाहुलीचं डोकं गळ्यातून जात नाही, तेव्हा पाठ पूर्ण उघडी ठेवा. वेल्क्रोची खरखरीत बाजू कापडाचे धागे आणि बाहुलीचे केस दोन्ही ओढते. त्याऐवजी बारीक टिच बटणं लावा.

मोज्याचा स्कर्ट करताना आधी झिगझॅग टीप, मग तिच्या खाली कात्री. उलट केलंत तर फासे भराभर सुटत जातात. आणि बाहुलीची बोटं बाहीत अडकत असतील तर हाताला चिकटपट्टीचा एक वेढा देऊन मग बाही चढवा.