जपानी आडनाव गायब होतंय? 'त्सुचियोशी'च्या बाबतीत या चुका टाळा

जपानी क्लायंटचा डेटा हाताळत असाल तर हे कधीतरी होणारच. योशिदा-सान फॉर्म भरतात, सबमिट होतो, एरर वगैरे काही नाही, आणि टेबलात बघावं तर आडनावाचा रकाना कोरा. माझे दोन दिवस गेले यात, वर मी शहाणा क्लायंटलाच 'फॉर्म नीट भरा' म्हणून मेल करून बसलो होतो.

भानगड एका रेघेची आहे. योशिदातलं पहिलं अक्षर योशी, म्हणजे शुभ (हेच अक्षर चीनमध्ये जी, कोरियात गिल, व्हिएतनाममध्ये कात). नेहमीच्या रूपात डोक्यावर 'सामुराई'चं चिन्ह, म्हणजे वरची आडवी रेघ लांब. काही घराण्यांत खालची रेघ लांब, ते झालं 'माती'चं (जपानीत त्सुचि), म्हणून त्सुचियोशी. योशिनोया या जपानी रेस्टॉरंट साखळीच्या बोर्डावर हेच दिसतं. युनिकोडमध्ये (जगभरच्या अक्षरांना नंबर देणारी यादी) ते 2001 साली एक्स्टेंशन बी या पुरवणीतल्या 42,711 अक्षरांसोबत आलं आणि यूटीएफ-8 मध्ये (ते नंबर साठवायची पद्धत) 4 बाइट खातं. मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं 'यूटीएफ8' सेटिंग 3 बाइटांपुढे जात नाही, स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा एरर देऊन नाकारणारा) बंद असेल तर नाव तिथूनच कापतं, आणि योशिदात ते पहिलंच अक्षर!

उपाय 'यूटीएफ8एमबी4', म्हणजे 4 बाइटवालं सेटिंग, पण नुसतं टेबल बदलून थांबू नका, कनेक्शनचं सेटिंगही बदला, नव्वद टक्के लोक (म्हणजे मी) इथेच अडकतात. आधी इमोजी टाकून बघा, बहुतेक इमोजीही 4 बाइटचेच असतात.

दुसरी चूक म्हणजे 'जाऊ दे, दिसायला सारखंच आहे' म्हणून साधा योशी टाकणं. अहो, माणसाचं आडनाव आहे ते! आणि नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, त्यामुळे सर्चसाठी साध्या रूपाचा वेगळा कॉलम ठेवा आणि मूळ नावाला हात लावू नका.

जावास्क्रिप्टमध्ये या एका अक्षराची लेंग्थ 2 येते, पहिलं अक्षर कापायला गेलात तर अर्धंच हाती लागतं. आपल्या 'क्षी'ची 4 येते, तेव्हा हसू नका.

नुसता चौकोन दिसला तर मात्र डेटाबेस उकरू नका, बहुतेक फॉन्टच नसतो. तसंच 'हाड' या अक्षराचं, आतला छोटा कोपरा चीनमध्ये डावीकडे, जपानमध्ये उजवीकडे, पण कोड एकच, आपल्या मराठी आणि हिंदी वळणाच्या ल-श सारखं. तिथे पानाचा लँग टॅग (पानाची भाषा सांगणारा) जपानी करा, बास.