कॅल्बिंडिन मोजायचंय? आधी स्लाइड बघा

वाशीच्या आमच्या लॅबमध्ये कॅल्बिंडिन (कॅल्शियमला बांधून ठेवणारं प्रथिन) मोजायला एमएस्सीची पोरं थेट रॅटच्या गर्भाशयाच्या ऊतीवर झडप घालतात. थांबा जरा! मादी रॅटचं (मोठ्या उंदराचं) प्रजननचक्र ४-५ दिवसांचं, आणि प्रथिन त्यासोबत चढतं-उतरतं. सलाइनमध्ये घेतलेला योनिस्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. ठसठशीत केंद्रकाच्या गोल पेशींचे पुंजके दिसले की प्रोइस्ट्रस (माजाच्या आधीची अवस्था): इस्ट्रोजेन हार्मोन चढलेलं, कॅल्बिंडिन-डी९के (गर्भाशयातला कॅल्बिंडिनचा प्रकार) भरपूर. बारीक पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी म्हणजे डायइस्ट्रस (दोन माजांमधली शांत अवस्था), प्रथिन उतरलेलं.

ही कटकट नको, तर अंडाशय काढलेल्या माद्या घ्या (एथिक्स कमिटीची मंजुरी आधी!). एका गटाला इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच प्रकार), दुसऱ्याला त्यासोबत प्रोजेस्टेरॉन हार्मोन, तिसऱ्याला तुलनेसाठी नुसतं तेल. पहिल्यात प्रथिन वाढतं, दुसऱ्यात दबतं. ‘ड जीवनसत्त्वाने हे प्रथिन वाढतं’ हे पालुपद आतड्यापुरतंच ठेवा. आणि माऊसला (छोट्या उंदराला) हाच इस्ट्रोजेनचा नियम लावू नका. तिथे कारभार प्रोजेस्टेरॉनकडे.